ऑक्टेव्ह: मॅटलॅबविना दोन सेमिस्टर

मी इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलांना डीएसपी, म्हणजे डिजिटल सिग्नल प्रोसेसिंग, शिकवते. प्रॅक्टिकल म्हणजे मॅटलॅब (आकडेमोड आणि आलेख करणारं विकतचं सॉफ्टवेअर), असं आमच्या मॅन्युअलमध्येच छापलेलं. लॅबमध्ये लायसन्स मोजकी, मुलं ६०, आणि घरी कोणाकडेच नाही. मग कुणीतरी पेनड्राइव्हवर क्रॅक केलेली कॉपी आणायचं. ते मला कधीच पटलं नाही, म्हणून गेली दोन सेमिस्टर सगळी प्रॅक्टिकल्स ग्नू ऑक्टेव्ह या मॅटलॅबसारख्याच, पण मोफत आणि मुक्त सॉफ्टवेअरवर घेतली.

मॅटलॅबसाठी लिहिलेल्या प्रोग्रॅमच्या जुन्या डॉट एम फाइली बहुतेक तशाच चालल्या. अडलं ते पहिल्याच फिल्टरला. बटरवर्थ फिल्टर बनवणारं 'बटर' फंक्शन सापडेना. ऑक्टेव्हमध्ये सिग्नलचं पॅकेज वेगळं असतं, आधी 'पीकेजी लोड सिग्नल' लिहावं लागतं. हे मी आता फळ्यावर कायमचं लिहून ठेवलंय.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट सांगते. प्री-वॉर्पिंग, म्हणजे अॅनालॉग फिल्टर डिजिटल करताना फ्रिक्वेन्सी सरकते म्हणून ती आधीच दुरुस्त करून घेणं, मुलं पाठ करून येतात. एकीने विचारलं, "मॅडम, हे खरंच कुठे होतं?" आम्ही बटरची फाइलच उघडली. त्यात ही दुरुस्ती करणारी टॅनची ओळ समोर होती, खाली फिल्टर डिजिटल करणारं बायलिनिअर. मॅटलॅबमध्येही बऱ्याच फाइली वाचता येतात, पण इथे ती बदलून, मैत्रिणीला देऊनही टाकता येते. त्या दिवशी तास संपला तरी कोणी उठेना.

नाव ऐकून संगीतातलं सप्तक आठवतं, पण ते ऑक्टेव्ह लेव्हनस्पिल या केमिकल इंजिनिअरिंगच्या प्राध्यापकांचं. त्यांचे विद्यार्थी जॉन ईटन यांनी १९९२ मध्ये हे काम जोमाने हाती घेतलं, तेही रिअॅक्टर डिझाइनच्या पाठ्यपुस्तकाला जोड म्हणून. शिकवण्यासाठीच जन्मलेलं सॉफ्टवेअर आहे हे.

उणिवा आहेत. मोठे फॉर-लूप रेंगाळतात, लूपऐवजी अख्ख्या व्हेक्टरवर एकदम क्रिया लिहायची सवय लावावीच लागते. मॅटलॅबसोबतच्या, ठोकळे जोडून मॉडेल बांधायच्या सिम्युलिंकला इथे पर्याय नाही. कंट्रोल सिस्टिम्सवाल्यांनी सायलॅब या दुसऱ्या मोफत सॉफ्टवेअरमधलं एक्सकॉस घ्यावं, मॉडेल मात्र नव्याने बांधावं लागेल. सायलॅबचे धडे आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियलवर मराठीत आहेत. आणखी एक, ऑक्टेव्हला कॉमेंटसाठी हॅश चालतो, मॅटलॅबला नाही. पुढे नोकरीत मॅटलॅब असू शकतं, म्हणून मुलांना पहिल्या दिवसापासून टक्क्याचंच चिन्ह वापरायला लावा.

यंदा एका मुलाने ईसीजीतली विजेच्या लाइनची ५० हर्ट्झची गुणगुण काढणारा नॉच फिल्टर घरी, भावाच्या ४ जीबीच्या जुन्या लॅपटॉपवर करून आणला. मॅन्युअलमध्ये ऑक्टेव्हचं नाव घालावं, असा अर्ज मी विभागाकडे दिला आहे.