दासीपुत्राचा वारसा: मिताक्षरा आणि हनफी कायदा

मराठवाड्याच्या सीमेलगत कल्याणीत विज्ञानेश्वरांनी लिहिलेली मिताक्षरा (याज्ञवल्क्यस्मृतीवरची टीका) आणि मुस्लिम राजवटींसोबत इथे आलेला हनफी कायदा (सुन्नी मुसलमानांतल्या एका पंथाचा), या दोन्हींत दासाची कमाई मूलतः धन्याचीच मानली जाई; खरा फरक पडतो तो दासीच्या मुलाबाबत. मिताक्षरेनुसार शूद्र पित्याच्या दासीपुत्राला पित्याच्या हयातीत त्याच्या मर्जीने वाटा मिळे आणि पश्चात औरस भावाच्या निम्मा; वरच्या तीन वर्णांत मात्र नुसती पोटगी. हनफी कायद्यात मालकाने आपला म्हणून स्वीकारलेला मुलगा जन्मतः स्वतंत्र आणि इतर भावांच्या बरोबरीचा वारस ठरे, तर त्याची आई मालकाच्या मृत्यूनंतर मुक्त होई. या बाबतीत दुसरी व्यवस्था निःसंशय उदार होती. पण मुक्त झालेला गुलाम वारसाविना वारल्यास त्याची मालमत्ता जुन्या मालकाकडेच जाई. १६१०च्या सुमारास खडकी, म्हणजे पुढचे औरंगाबाद, वसवणारा मलिक अंबर हाही गुलामीतून सुटलेला हबशी होता, पण त्याला वारस होता; १६२६मध्ये तो वारल्यावर निजामशाहीतले त्याचे कारभारीपद मुलाकडे, फतेहखानाकडे गेले.