तीस फुटी ट्रेलरसाठी पिकअप: अर्धा टन, पाऊण टन की डिझेल?

डेन्व्हरच्या आसपास राहणाऱ्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्ट्या रॉकी पर्वतांत घालवू इच्छिणाऱ्या ज्या कुटुंबांनी सुमारे तीस फुटांचा कॅम्पिंग ट्रेलर पसंत केला आहे आणि जी आता तो ओढण्यासाठी पिकअप शोधत आहेत, त्यांच्यासाठी हा आढावा आहे. ट्रेलर सामानासह साडेसात हजार पाउंडांपर्यंत जातो आणि तो मागच्या बंपरखालच्या हिचलाच (ट्रेलर अडकवण्याच्या सांध्याला) जोडायचा आहे, असे मी धरून चाललो आहे. ट्रकच्या हौद्यात जोडल्या जाणाऱ्या ‘फिफ्थ व्हील’ प्रकारच्या ट्रेलरचे गणित वेगळे असल्यामुळे ते येथे घेतलेले नाही.

व्यवहारात पर्याय तीनच उरतात. (‘अर्धा टन’, ‘पाऊण टन’ ही ट्रकच्या वर्गांची रूढ नावे आहेत, प्रत्यक्ष पेलायच्या वजनाची नव्हेत.) पहिला अर्ध्या टनाचा टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा असलेला) पेट्रोल ट्रक, ज्याचे उत्तम उदाहरण म्हणजे ३.५ लिटर इकोबूस्ट इंजिनाचा फोर्ड एफ-१५०. दुसरा पाऊण टनाचा पेट्रोल व्ही-८, म्हणजे ७.३ लिटरचा एफ-२५० किंवा ६.६ लिटरचा शेव्हरोले सिल्व्हराडो २५०० एचडी. तिसरा त्याच वर्गातला डिझेल. पहिल्या प्रकारचा ट्रक मी काही वर्षे स्वतः वापरला, दुसऱ्या प्रकारचा एका मित्राकडून घेऊन एक उन्हाळाभर ट्रेलरसह चालवला, आणि आज आमच्या दारात डिझेल उभे आहे. त्यामुळे माझा कल लपलेला नाही, पण बाकीच्या दोघांचे गुणही मी जवळून पाहिलेले आहेत.

जाहिरातीत ठळकपणे छापलेल्या ओढण्याच्या क्षमतेपासून सुरुवात करू नये, असे मला वाटते. ती संख्या खोटी नसते. एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेच्या जे२८०७ या प्रमाणित पद्धतीनुसार ती काढली जाते आणि त्या पद्धतीत ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या लांब, तापलेल्या चढणीवर ट्रकने किमान वेग राखण्याची अटही आहे. मात्र या चाचणीत ट्रकमध्ये चालक आणि एक सहप्रवासी, प्रत्येकी १५० पाउंडांचा, एवढीच माणसे धरलेली असतात. आपण तसे प्रवासाला निघत नाही. खरी मर्यादा चालकाच्या दाराच्या खांबावर चिकटवलेल्या पिवळ्या-पांढऱ्या कागदावर असते, आणि तिथे माणसे व सामान मिळून किती वजन चालेल ते प्रत्येक ट्रकसाठी स्वतंत्रपणे छापलेले असते.

साडेसात हजार पाउंडांच्या ट्रेलरचा जो भार हिचवर येतो तो साधारण १० ते १५ टक्के, म्हणजे सोयीसाठी ९५० पाउंड धरू. भार पुढच्या चाकांकडे वाटून देणारा हिच स्वतःच शंभर पाउंडांच्या आसपास असतो. दोन मोठी माणसे आणि दोन वाढत्या वयाची मुले यांचे ५०० पाउंड होतात, आणि सायकली, जनरेटर, बर्फाची पेटी व हौद्यावरचे झाकण यांचे अडीचशे सहज होतात. ही बेरीज १,८०० पाउंडांवर जाते. सर्व सोयींनी युक्त, चार दारांच्या, चारही चाकांना गती असलेल्या अर्ध्या टनाच्या ट्रकवर छापलेला आकडा अनेकदा १,४०० ते १,७०० च्या दरम्यान असतो. भारतातून आई-बाबा उन्हाळ्यात राहायला आले आणि त्यांना यलोस्टोन दाखवायचे ठरले, की या बेरजेत आणखी तीनशे पाउंड येतात आणि अर्ध्या टनाच्या ट्रकचा हिशेब तिथेच मोडतो. ओढण्याची क्षमता मात्र तेव्हाही कागदावर भरपूर शिल्लक दिसत असते.

वजनाइतकाच महत्त्वाचा मुद्दा वाऱ्याचा आहे. वायोमिंगमध्ये आय-८० महामार्गावर आर्लिंग्टन आणि एल्क माउंटनच्या पट्ट्यात वारा इतका जोराचा असतो, की हलक्या व उंच वाहनांसाठी रस्ता बंद करण्याची वेळ तेथील अधिकाऱ्यांवर वारंवार येते. वारा मर्यादेत असलेल्या दिवशीही मालवाहू ट्रक शेजारून पुढे गेला, की अर्ध्या टनाचा ट्रक आधी त्याच्याकडे ओढला जातो आणि मग बाहेर ढकलला जातो. हिच नीट बसवलेला असूनही मला ती हालचाल स्टिअरिंगमध्ये जाणवत असे. पाऊण टनाच्या ट्रकचे जड अंग, कडक बगलांचे टायर आणि ताठ स्प्रिंगा यांमुळे तीच घटना जेमतेम लक्षात येते. मी हे कोणत्याही उपकरणाने मोजलेले नाही. पण आधी लांबच्या प्रवासानंतर खांदे दुखत असत आणि नंतर ते दुखेनासे झाले, एवढे खात्रीने सांगू शकतो.

चढणीवर मात्र अर्ध्या टनाचा टर्बो ट्रक मनापासून कौतुकास पात्र आहे. टर्बो नसलेल्या इंजिनाची शक्ती समुद्रसपाटीपासून दर हजार फुटांमागे सुमारे तीन टक्क्यांनी घटते, आणि आय-७० वरचा आयझेनहॉवर बोगदा ११,१५८ फुटांवर आहे. म्हणजे तिथवर पोहोचेपर्यंत ४३० अश्वशक्तीच्या व्ही-८ मधून जवळजवळ एक तृतीयांश शक्ती हवेच्या विरळपणानेच काढून घेतलेली असते. मित्राचा पाऊण टनाचा पेट्रोल ट्रक त्या चढणीवर कधी थांबला नाही किंवा तापला नाही, पण इंजिन बराच काळ चढ्या फेऱ्यांवर राही आणि त्या आवाजात मागच्या बाकावरच्या मुलांशी बोलणे शक्य नसे. छोट्या टर्बो इंजिनाने तीच चढण शांतपणे पार केली होती, आणि डिझेलला तर ती जाणवतही नाही.

उतारावर पारडे फिरते. बोगद्यातून पश्चिमेला सिल्व्हरथॉर्नकडे उतरताना किंवा दक्षिणेत वुल्फ क्रीक पासवरून पगोसा स्प्रिंग्जकडे येताना सहा-सात टक्क्यांचा उतार मैलोन्मैल चालतो आणि ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांसाठी बाजूला खडीचे चढ बांधून ठेवलेले दिसतात. अशा घाटात छोट्या इंजिनाचा रोध अपुरा पडतो आणि पाय पुन्हा पुन्हा ब्रेककडे जातो. मोठा पेट्रोल व्ही-८ खालच्या गिअरमध्ये बऱ्यापैकी रोखून धरतो. डिझेलचा एक्झॉस्ट ब्रेक, जो टर्बोच्या पाकळ्या आवळून इंजिनालाच अडवतो, तो एकदा चालू केला की ठरवलेला वेग बहुतेक वेळा पाय न लावता टिकतो. सुरक्षिततेच्या दृष्टीने हा डिझेलचा सर्वांत मोठा गुण आहे, आणि केवळ त्यासाठी कोणी डिझेल घेतले तरी त्याचा निर्णय मी योग्यच मानेन.

माझा निर्णय मात्र घाटात झाला नाही. तो पेट्रोलपंपांवर झाला, आणि ही बाजू तुलनेच्या तक्त्यांमध्ये कुठे मांडलेली नसते, म्हणून ती सविस्तर लिहितो.

माझ्या अनुभवात असा ट्रेलर जोडलेला असताना पेट्रोलचा ट्रक, तो अर्ध्या टनाचा असो वा पाऊण टनाचा, गॅलनला आठ-नऊ मैलांच्या पुढे क्वचितच जातो. टाकी मोठी असली तरी थोडे इंधन राखून ठेवायचे म्हटल्यावर दर दोन-अडीचशे मैलांवर थांबणे आले. थांबायचे कुठे, हा खरा त्रास आहे. गावातला पेट्रोलपंप मोटारींच्या मापाने आखलेला असतो: रांगेतून बाहेर पडताना पंप आणि दुकानासमोर उभ्या असलेल्या गाड्या यांच्यामधल्या पट्ट्यातूनच वळावे लागते. ट्रक आणि ट्रेलर मिळून लांबी पन्नास फुटांवर जाते. वळताना ट्रेलरची चाके आतला कोपरा कापतात, त्यामुळे पंपाभोवतीचे लोखंडी खांब त्यांच्या वाटेत येतात, आणि चाकांमागे उरलेला दहा-बारा फुटांचा भाग त्याच वेळी उलट बाजूला बाहेर झुकतो, जिथे शेजारच्या रांगेत कोणाची तरी मोटार उभी असते. दोन्ही बाजू एकाच आरशातून दिसत नाहीत. म्हणून दर वेळी पत्नीला खाली उतरून मागे उभे राहावे लागे. मागून येणारा चालक अधीर होई, आणि आत शिरल्यावर पुढचा पंप व्यापलेला निघाला तर मागे घेण्याइतकीही जागा नसे.

यावर उपाय आहेत आणि आम्ही ते केले. आदल्या रात्री नकाशावर उपग्रहचित्र उघडून कोणत्या पंपावर आत शिरण्याची व बाहेर पडण्याची वाट सरळ आहे ते पाहून ठेवायचे, आणि पुढचा पंप कसा असेल याची खात्री नसल्यामुळे टाकी अर्धी असतानाच भरून घ्यायची. काही मोठ्या ट्रॅव्हल सेंटरांत आरव्हीसाठी (कॅम्पिंगच्या मोठ्या वाहनांसाठी) वेगळी रांग असते आणि तिथे पेट्रोलही मिळते, पण ती हवी तेव्हा हव्या त्या वाटेवर असतेच असे नाही. या सर्वांमुळे प्रवासाचा बेत निसर्गाभोवती न आखता पंपांभोवती आखला जाऊ लागला, आणि मला तेच खटकले. चढण दिवसातून एकदा येते. इंधनाचा थांबा लांबच्या दिवशी दोन-तीनदा येतो, आणि मुले भुकेलेली किंवा झोपलेली असताना येतो.

डिझेलच्या ट्रकने हा प्रश्न जवळजवळ संपवला. महामार्गावरच्या ट्रक स्टॉपमध्ये मालवाहू ट्रकांसाठी असलेल्या रांगांत डिझेलच मिळते, आणि त्या रांगा आपल्याहून कितीतरी लांब वाहनांसाठी बांधलेल्या असतात. सरळ आत जायचे, भरायचे आणि सरळ बाहेर पडायचे. एक्झॉस्ट शुद्ध करण्यासाठी लागणारे डीईएफ हे द्रव तिथेच नळीने मिळते, त्यामुळे खोक्यातून ओतत बसावे लागत नाही. काही गोष्टी सवयीच्या आहेत. तिथली नळी जाड असते आणि प्रवाह जोराचा, त्यामुळे नळी आपल्या टाकीच्या तोंडात बसते का ते आधी पाहावे आणि मग हलक्या हाताने भरावे. काही ठिकाणी आधी आत जाऊन कार्ड द्यावे लागते. भरून झाल्यावर ट्रक पुढे घेऊन रांग मोकळी करणे हा तिथला शिष्टाचार आहे आणि तो पाळावा, कारण मागचा चालक पोटापाण्यासाठी घड्याळाशी झगडत असतो. शिवाय गॅलनला अकरा-बारा मैल मिळत असल्यामुळे थांबेही कमी झाले. ज्यांच्या मनात विजेवर चालणारा पिकअप आहे त्यांनीही याच अंगाने विचार करावा, असे सुचवेन: मोठा ट्रेलर जोडल्यावर त्याचा पल्ला निम्म्यावर येतो, आणि बहुतेक चार्जरसमोर तोंड घालूनच उभे राहावे लागत असल्याने दर थांब्याला ट्रेलर सोडावा लागतो.

डिझेलच्या उणिवा हलक्या नाहीत. त्या इंजिनासाठी सुमारे दहा हजार डॉलर अधिक मोजावे लागतात आणि इंधनाच्या बचतीतून ते परत येतील अशी आशा धरू नये. इंधनाचे फिल्टर, तेल बदलण्याचा खर्च, उणे ११ अंश सेल्सियसला गोठणारे डीईएफ आणि काजळीच्या फिल्टरची देखभाल, हे सर्व वाढते. काजळीचा फिल्टर स्वतःला जाळून साफ करतो, पण त्यासाठी इंजिन बराच वेळ तापलेले राहावे लागते. ज्यांचा ट्रक आठवडाभर शाळा, किराणा आणि दोन मैलांवरचे कार्यालय एवढाच फिरणार आहे, त्यांना डिझेल सुख देणार नाही. आमच्याकडे रोजच्या कामांना छोटी गाडी आहे, म्हणून हे निभावते.

वजनाच्या बाबतीतही सावध राहिले पाहिजे. डिझेल इंजिन व त्याचा संच पेट्रोलपेक्षा कित्येक शे पाउंडांनी जड असतो, आणि पाऊण टनाच्या अनेक ट्रकांचे एकूण अनुज्ञेय वजन १०,००० पाउंडांवर बांधलेले असल्यामुळे तो फरक थेट आपल्या वाट्याच्या भारातून वजा होतो. चामड्याच्या खुर्च्या, सरकते छप्पर आणि विजेच्या पायऱ्या असलेल्या डिझेल ट्रकवर छापलेला आकडा दोन हजारांच्या आसपास उतरलेला दिसतो, तर साध्या सजावटीच्या पेट्रोल पाऊण टनावर तोच तीन हजारांच्या घरात असतो. म्हणून मी शेवटी एक टनाचा, पण मागे चारऐवजी दोनच चाके असलेला साध्या सजावटीचा डिझेल ट्रक घेतला. बाहेरून त्याचा आकार तोच असतो, किमतीतला फरक एकूण रकमेच्या मानाने थोडा असतो, आणि वजनाची चिंता उरत नाही. काही राज्यांत नोंदणीचे शुल्क वजनानुसार वाढते, तेवढे आधी विचारून घ्यावे.

कंपनीची निवड मला दुय्यम वाटते. रॅममध्ये १९८९ पासून कमिन्सचे एका ओळीत सहा सिलिंडर असलेले इंजिन येते, फोर्ड आणि जनरल मोटर्स व्ही-८ देतात, आणि साडेसात हजार पाउंडांसाठी तिघेही गरजेपेक्षा बलवान आहेत. कमिन्सची खालच्या पट्टीतली ओढ मला वैयक्तिकरीत्या आवडते. पण ज्याचा विक्रेता घराजवळ आहे आणि ज्याच्या खुर्चीत आठ तास बसून पाठ दुखत नाही, तो ट्रक घेणे अधिक शहाणपणाचे ठरेल.

ज्यांचा ट्रेलर भरून पाच हजार पाउंडांच्या आत राहणार आहे आणि ज्यांच्या सहली घरापासून दीड-दोनशे मैलांतच संपतात, त्यांना वर लिहिलेल्या पंपांच्या त्रासाला फारसे सामोरे जावे लागणार नाही, कारण टाकी घरून निघण्यापूर्वी, ट्रेलर जोडण्याआधीच भरता येते. त्यांच्यासाठी अर्ध्या टनाचा टर्बो ट्रकच योग्य आहे, आणि तो घेताना दारावरचा आकडा १,७०० च्या वर असलेला नग विक्रेत्याच्या आवारात शोधून घ्यावा.