दादा, माझं पर्सनल मत विचाराल तर...

आमच्या सोसायटीत पहाटे साडेपाचला पहिला टँकर येतो. रिव्हर्स घेताना तो पीं-पीं करत राहतो, त्यानेच पोरगं उठतं. एप्रिल-मेमध्ये दिवसाला असे आठ टँकर लागतात, दहा हजार लिटरचे. गेल्या उन्हाळ्यात एकाला अकराशे रुपये मोजले. राहती घरं दीडशेच्या आसपास, म्हणजे मेंटेनन्स वेगळा आणि नुसत्या पाण्याचे घरटी महिन्याला सतराशे-अठराशे वेगळे. मी मूळचा पारनेर तालुक्यातला. लहानपणी टँकरमागे हंडा घेऊन पळालोय. पुण्यात वाघोलीला बावन्न लाखांचं घर घेऊन पुन्हा टँकरपाशीच कसा आलो ते सविस्तर लिहितोय. वाघोली, लोणीकंद, मांजरी या बाजूला घर बघत असाल तर वेळ काढून वाचा.

आधीच सांगतो, बिल्डर पळून गेलेला नाही. इमारत उभी आहे, ताबा सहा महिने उशिरा का होईना पण मिळाला, महारेराचा (बिल्डरांवर नजर ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) नोंदणी नंबर खरा आहे. ब्रोशर मी आता चार वेळा वाचलंय, त्यात खोटं म्हणावं असं एक वाक्य सापडत नाही. मेट्रोच्या आधी ‘प्रस्तावित’ आहे, बागेच्या चित्राखाली बारीक अक्षरात ‘केवळ कल्पनाचित्र’ आहे. पाण्याबद्दल तर अवाक्षर नाही. मला गंडवलं ते चहाच्या टपरीवर.

२०२१ ची दिवाळी झाली होती. आम्ही चंदननगरला भाड्याने राहायचो, नोकरी रांजणगाव एमआयडीसीत. कंपनीच्या बसमधल्या एकाने एजंटचा नंबर दिला. स्वतःला तो एजंट म्हणवत नसे, ‘प्रॉपर्टी सल्लागार’ म्हणायचा. (या लाइनीत त्यांना सीपी म्हणतात, चॅनल पार्टनर. बिल्डरकडून टक्केवारी घेऊन गिऱ्हाईक आणणारा. हा शब्द मला ताबा मिळाल्यावर कळला.) त्याने मला व्हॉट्सॲपच्या यादीत टाकलं आणि दर रविवारी त्याचा लांबलचक मेसेज यायला लागला. त्यात फ्लॅटची जाहिरात क्वचितच असे. भाडं भरणं म्हणजे दुसऱ्याच्या हप्त्याला हातभार, एफडीत पैसे ठेवणारा माणूस महागाईला घाबरतो, मुलांची लग्नं ठरताना स्वतःचं घर विचारतात, असलं काहीबाही. लिहायचा बरं. आणि शेवटी न चुकता एक ओळ, ‘वरील मत वैयक्तिक आहे.’

त्या एका ओळीमुळे मला तो प्रामाणिक वाटला. हा माल खपवत नाही, मनातलं बोलतो, असं वाटलं.

जानेवारीत साइट व्हिजिट झाली. त्याच्याच गाडीतून नेलं, बायकोला ‘वहिनी, तुम्ही पुढं बसा’ म्हणून पुढे बसवलं. सँपल फ्लॅट बघितला, तिथल्या क्लोझिंग मॅनेजरने कॉस्ट शीट पुढे ठेवली. टाय लावलेला माणूस, अगदी छापील बोलणारा. पाण्याचं विचारलं तर म्हणाला, ‘ॲज पर ॲथॉरिटी नॉर्म्स, सर.’ बाहेर आलो तर आमच्या सल्लागाराने गेटसमोरच्या टपरीवर चहा सांगितला, गाडीच्या बॉनेटला टेकला आणि आवाज खाली आणून म्हणाला, ‘आत मी त्यांचा माणूस. इथं तुमचा धाकटा भाऊ समजा. आता माझं पर्सनल मत विचाराल तर सांगतो.’

मी विचारलं नव्हतं. तरी त्याने सांगितलं.

वाघोली जूनअखेरीस महापालिकेत गेलीच आहे. ते खरंच होतं. ३० जून २०२१ ला तेवीस गावं पुणे महापालिकेत घेतली, त्यात वाघोली होती. भामा आसखेड धरणाचं पाणी त्याच वर्षाच्या सुरुवातीला खराडी-चंदननगर भागासाठी सुरू झालं. तेही खरं, आमच्या भाड्याच्या घरात फरक जाणवला होता. ‘मग खराडीपासून वाघोली किती लांब, दादा? महापालिकेत गाव आलं म्हणजे पाणी देणं त्यांना भाग आहे. माझं मत, दोन वर्षांत नळ.’ मेट्रोचंही तसंच. रामवाडीपर्यंत खांब उभे दिसतच होते. ‘तिथून इथं केवढं? २०२४ धरा. दर दुप्पट नाही झाला तर माझं नाव बदला.’

दोन खऱ्या गोष्टींच्या शेपटीला तो एक ‘मत’ बांधायचा. ऐकताना सांधा कळत नाही.

मग तो माणसांवर आला. आणि इथे मला स्वतःचीच लाज वाटते, पण लिहितो. ‘बुकिंग कुणाकुणाचं आहे बघितलंय मी. सगळी आपली मराठी माणसं, नगर-बीडकडची, नोकरदार. वस्ती एकदम चांगली. तुमच्यासारखीच.’ हे ऐकून मला बरं वाटलं. चांगली वस्ती म्हणजे काय, कुणामुळे वाईट होते, हे मी विचारलं नाही. बायकोने नंतर विचारलं, ‘त्याला काय करायचंय कोण राहतं त्याच्याशी?’ मी तिलाच गप्प केलं.

शेवटचं वाक्य त्याने चहाचा कप कचऱ्यात टाकता टाकता म्हटलं. ‘मी स्वतः सातव्या मजल्यावर एक घेतलाय. नाहीतर तुम्हाला कशाला आणलं असतं?’

सातवा आमचाच मजला.

रात्री आबांना फोन केला. त्यांनी पहिलं विचारलं, ‘पाणी कुठलं?’ मी महापालिका, भामा आसखेड, दोन वर्षं असं सगळं त्याच्याच शब्दांत सांगितलं. आबा म्हणाले, ‘ते त्याला वाटतंय. तिथं आज नळ हाय का?’ मी म्हटलं, आबा, शहरात असं नसतं.

टोकन दिलं. मार्चमध्ये त्याचा फोन, रजिस्ट्रेशन ३१ च्या आत उरका, १ एप्रिलपासून मेट्रो अधिभाराचा एक टक्का वाढतोय. हेही खरं निघालं. २०२२ च्या १ एप्रिलपासून पुण्यात मुद्रांक शुल्क सहावरून सात टक्के झालं. आमचे बावन्न हजार वाचले. मी त्याला पेढे नेऊन दिले. दुय्यम निबंधक कार्यालयात त्या आठवड्यात ही झुंबड, करारनामा वाचायला कुणाला फुरसत! सही करायची पानं बिल्डरकडचा एक पोरगा अंगठ्याने दाबून धरत होता, आम्ही सह्या करत होतो. पान सत्तेचाळीसवर लिहिलं होतं की महापालिकेचा पाणीपुरवठा सुरू होईपर्यंत बोअर व टँकरने व्यवस्था केली जाईल आणि त्याचा खर्च सदनिकाधारकांचा. हे पान मी मे २०२४ मध्ये पहिल्यांदा वाचलं. त्यावर माझी सही आहे, छान वळणदार.

राहायला आलो २०२४ च्या सुरुवातीला. मार्चमध्ये रामवाडी स्टेशन सुरू झालं. वाघोलीपलीकडे विठ्ठलवाडीपर्यंतच्या वाढीव मार्गाला केंद्राच्या मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली ती जून २०२५ मध्ये. मंजुरी, गाडी नव्हे. नळाचं तर वर सांगितलंच.

त्या मे महिन्यात पार्किंगमध्ये टँकरच्या वर्गणीसाठी मीटिंग भरली. खुर्च्या कमी, बरेच जण दुचाकींवर बसलेले. कुणीतरी चिडून म्हणालं, ‘आम्हाला तर सांगितलं होतं दोन वर्षांत नळ.’ दुसरा म्हणाला, ‘आम्हालाही.’ कुणी सांगितलं? तोच. मग मी म्हटलं, अहो, तो तर आपल्यातच राहणार होता, सातव्या मजल्यावर. त्यावर बी विंगमधले एक मारवाडी काका उठले. ‘सातव्या? तो तर माझ्या वरती अकराव्यावर येणार होता.’ एक मुलगी, आयटीतली, हसायलाच लागली. तिला सांगितलं होतं ए विंग, तिसरा मजला, समोरासमोर दार. पाच जण निघाले. पाच मजले. सदस्य नोंदवही सेक्रेटरींच्या मांडीवरच होती. त्याच्या नावावर एकही फ्लॅट नव्हता, कधी नव्हताच.

मग माणसांचं निघालं. काकांना त्याने सांगितलं होतं, सोसायटी शुद्ध शाकाहारी राहील, बघून बघून देतायत. त्या मुलीला सांगितलं होतं, सगळी तरुण आयटीवाली, कुणी कुणाच्या घरात डोकावत नाही. मला नगर-बीड. ज्याला जे ऐकायचंय ते ‘मत’ त्याच्याकडे तयार होतं, मापाचं. काका माझ्याकडे बघत होते, मी त्यांच्याकडे. सकाळीच आमच्या घरून सुकटीचा वास सुटला होता. काही बोलले नाहीत ते, भला माणूस.

मी दुसऱ्या दिवशी त्याला फोन केला. चिडला नाही, उलट विचारपूस केली. ‘वहिनी कशा आहेत?’ पाण्याचं काढलं तर म्हणाला, ‘दादा, ते माझं पर्सनल मत होतं. मी तसं म्हटलंही होतं. मत चुकू शकतं की माणसाचं.’ आणि फ्लॅटचं? ‘घ्यायचाच होता, लोन नाही झालं.’ पाच मजल्यांवर पाच लोनं? तेव्हा रेंज गेली.

आमच्यातले एक निवृत्त वकील आहेत, त्यांनी सगळ्यांचे कागद बघितले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. रेरा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे जाहिरातीतल्या किंवा माहितीपत्रकातल्या खोट्या विधानावर विसंबून पैसे भरले आणि नुकसान झालं, तर बिल्डरकडून भरपाई मागता येते, व्यवहार मोडून व्याजासकट पैसेही मागता येतात. पण आमच्या ब्रोशरमध्ये खोटं काही नाही. ती सगळी घाण तोंडी ठेवलेली. त्यात करारनाम्यात एक कलम असतं, हा करार हाच काय तो संपूर्ण करार, याआधीचं सगळं बोलणं-चालणं रद्द. महारेराच्या नमुना करारातही ते आहे. बिल्डरचा वकील पहिलं तेच दाखवणार. कलम १० एजंटला तोंडी किंवा लेखी दिशाभूल करायला मनाई करतं, पण तिथे भाषा त्याने द्यायच्या ‘सेवांबद्दल’ आहे. ‘मत हे विधान आहे का, यावरच दोन तारखा जातील,’ वकीलसाहेब म्हणाले. मग चष्मा काढून पुसला. ‘पण मी इथं फ्लॅट घेतलाय, हे मत नाही. ही माहिती आहे, खोटी. हे कुणाकडे लेखी आहे?’

पाच जणांपैकी फक्त त्या मुलीकडे होतं. त्याचा व्हॉइस मेसेज, एकोणीस सेकंदांचा. बाकी आम्ही मोबाइल बदलताना जुने चॅट उडवले होते. तेवढ्यावर एजंटविरुद्ध आणि त्याला नेमणाऱ्या कंपनीविरुद्ध तक्रार उभी केली आहे. त्याच्या व्हिजिटिंग कार्डावर महारेराचा एजंट नंबर नव्हता, हेही त्यात घातलंय. नोंदणी नसलेल्या माणसाला रेरातल्या प्रकल्पाची विक्री करून देताच येत नाही, हे तेव्हा ठाऊक असतं तर गाडीत बसण्याआधीच नंबर मागितला असता. २०२३ पासून एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची झाली, १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोडही सक्तीचा आहे. तो कोड जरूर स्कॅन करा, मंजूर नकाशे आणि ताब्याची तारीख तिथे दिसते. टपरीवर काय बोललं जातं ते त्या कोडात येत नाही.

म्हणून कुणी ‘माझं मत’ म्हणून सुरू केलं की मी आता दोनच गोष्टी विचारतो. या व्यवहारात तुला किती मिळणार? आमच्या वेळी दोन टक्के होते, म्हणजे एक लाख चार हजार. आणि हे जे बोललास ते बिल्डरच्या अधिकृत ईमेलवरून मला पाठवायला सांग. पाणी कधी, कुठून, तोवरचा खर्च कुणाचा. परवा मेव्हण्याबरोबर मांजरीला गेलो होतो, तिथे हे विचारल्यावर गडी पाच मिनिटांत दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. शेजारच्या, आधीच राहायला गेलेल्या सोसायटीच्या वॉचमनला मात्र जरूर भेटा, तेही एप्रिलमध्ये, सकाळी सहाच्या आत. आम्ही गेलो तेव्हा तो टँकरचा पाइप टाकीत सोडत होता. त्याला काही विचारावंच लागलं नाही.

आमच्या तक्रारीची पुढची तारीख अजून लागायची आहे. त्या माणसाला मी ब्लॉक केलेलं नाही, त्याच्या यादीत अजून माझा नंबर आहे. गेल्या रविवारी मेसेज आला. लोणीकंदजवळ नवा प्रकल्प, भाड्यावर जगणाऱ्यांबद्दल दोन परिच्छेद, आणि खाली, ‘मी स्वतः तिथे एक बुक करतोय. वरील मत वैयक्तिक आहे.’ स्क्रीनशॉट काढला, वकीलसाहेबांना पाठवला.

त्यांचं उत्तर आलं, ‘मजला विचारा.’