"हार्ड डिस्क गेली" असं सांगून माझी फसवणूक कशी झाली

माझ्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क ठणठणीत होती. तरी ती गेली असं सांगून मला एक वापरलेली डिस्क नवी म्हणून विकली गेली, आणि माझाच डेटा मला पैसे घेऊन परत दिला गेला. एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स अशा दोन्ही ऑपरेटिंग सिस्टिम ठेवणाऱ्या कुणावरही ही वेळ येऊ शकते. बूटलोडर, म्हणजे मशीन चालू होताच सिस्टिम सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम, बिघडला की पडद्यावर जे दिसतं ते पाहून सगळं संपलं असंच वाटतं, आणि फसवणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं. म्हणून सगळं तपशिलात लिहिते आहे.

मशीन जुनं, यूईएफआय ही सुरू होण्याची नवी पद्धत येण्याआधीचं, बायॉस या जुन्या पद्धतीवर चालणारं. त्यावर विंडोज आणि उबुंटू नावाचं लिनक्स शेजारी शेजारी. एका मोठ्या अपडेटनंतर मशीन पुन्हा सुरू झालं ते थेट काळ्या पडद्यावर. 'एरर: अननोन फाईलसिस्टिम' (फाईलींची मांडणी ओळखता येत नाही), मग 'एंटरिंग रेस्क्यू मोड', त्याखाली 'ग्रब रेस्क्यू' (ग्रब हा उबुंटूचा बूटलोडर) आणि लुकलुकणारा कर्सर. उबुंटू नाही, विंडोजही नाही. मी लोकांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करण्याचं काम करते. कित्येक तासांच्या मुलाखती त्या डिस्कवर होत्या आणि शेवटच्या काहींची दुसरी प्रत अजून व्हायची होती.

ओळखीतून दुरुस्ती करणाऱ्या एकाचा नंबर मिळाला. त्याने येऊन मशीन दोनदा बंद-चालू केलं आणि पडद्यावरच्या ओळीकडे बोट दाखवून म्हणाला, "मॅडम, हार्ड डिस्क गेली. फाईल सिस्टिमच ओळखत नाही म्हणतंय, बघा ना तुम्हीच." मशीन घेऊन गेला. नंतर फोनवर म्हणाला, नवी डिस्क टाकावी लागेल, जुनीतला डेटा काढायचे पैसे वेगळे, आणि निघेलच याची खात्री नाही. "हे सगळं त्या लिनक्समुळे झालंय. मी नुसतं विंडोज टाकून देतो, परत त्रास नको." दुसऱ्या दिवशी सांगितलं की रात्रभर बसून डेटा काढला.

डेटा हातात आला तेव्हा आधी जीव भांड्यात पडला. पण फोल्डर उघडत गेले तशी शंका येऊ लागली. प्रत्येक फाईल तिच्या मूळ नावाने, मूळ तारखेने, मूळ जागी होती. लिनक्समधले लपवलेले सेटिंगचे फोल्डरही जसेच्या तसे. एकही मुलाखत अर्धवट नाही. फाईल सिस्टिम खरंच मोडलेली असते तेव्हा फोटोरेकसारखी साधनं फाईलच्या आतल्या खुणा ओळखून ती उचलतात. त्यात मूळ नावं आणि फोल्डरची रचना हरवते, हाती उरतात आकड्यांची नावं असलेल्या फाईलींचे ढीग. माझ्याकडे आलेला डेटा तसा नव्हता. सरळ कॉपी करून पेस्ट केलेला होता.

मग मी 'नवी' डिस्क तपासली. प्रत्येक हार्ड डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. विंडोजमध्ये क्रिस्टलडिस्कइन्फो आणि लिनक्समध्ये स्मार्टमॉनटूल्स ही मोफत साधनं ती वाचून दाखवतात. त्यातली क्रमांक ९ची नोंद म्हणजे डिस्क एकूण किती तास चालली. नव्या डिस्कवर तो आकडा शून्याच्या आसपास असायला हवा, माझ्या डिस्कवर तो हजारांच्या घरात होता. क्रमांक ५ म्हणजे खराब होऊन बदललेले सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे साठवणीचे छोटे कप्पे. तेही होते.

जुनी डिस्क मागितली तेव्हा "ती कंपनीत जमा केली, खराब डिस्क परत करावी लागते" असं उत्तर मिळालं. ती माझी वस्तू आहे, अनुक्रमांक माझ्या खरेदीच्या पावतीवर आहे आणि मला ती हवी आहे, एवढंच मी प्रत्येक फोनवर सांगत राहिले. अखेर मिळाली. यूएसबीच्या डबीत घालून दुसऱ्या लॅपटॉपला जोडली, तर सगळी पार्टिशन, म्हणजे डिस्कचे वेगवेगळे पाडलेले भाग, उघडली. स्मार्टमध्ये क्रमांक ५ शून्य आणि वाचता न येणाऱ्या सेक्टरचा क्रमांक १९७, तोही शून्य. डिस्कला काहीच झालेलं नव्हतं.

मग नेमकं झालं काय होतं? अशा जुन्या पद्धतीच्या डिस्कचा पहिला सेक्टर ५१२ बाइटचा असतो. त्यातले ४४६ बाइट बूटच्या कोडसाठी, ६४ बाइट पार्टिशनच्या तक्त्यासाठी, उरलेले २ खुणेसाठी. ग्रबचा पहिला तुकडा त्या ४४६ बाइटमध्ये बसतो आणि पुढचा तुकडा त्यामागच्या रिकाम्या जागेत. बाकी सगळं कुठल्या पार्टिशनवर आहे त्याचा क्रमांक या दुसऱ्या तुकड्यात लिहिलेला असतो. अपडेटने डिस्कवर एक छोटं नवं पार्टिशन तयार केलं आणि उबुंटूचं सहावं होतं ते सातवं झालं. अनुक्रमणिकेत जुनाच पान क्रमांक राहावा आणि प्रकरण पुढे सरकावं, तसं. ग्रब सहाव्यावर गेला, तिथे त्याला ओळखीचं काही सापडलं नाही. एवढ्यासाठी माझी डिस्क मृत ठरवली गेली.

ती डिस्क मी पुन्हा मशीनमध्ये बसवली. तोच काळा पडदा आला. रेस्क्यूमध्ये 'एलएस' टाइप केलं की पार्टिशनची यादी मिळते. एकेकात डोकावून बूट-ग्रबचा फोल्डर कुठे आहे ते शोधलं, रूट आणि प्रीफिक्स (ग्रबने कुठे बघायचं ते सांगणाऱ्या नोंदी) त्या पार्टिशनवर वळवले, 'नॉर्मल' नावाचं मॉड्यूल लोड केलं आणि 'नॉर्मल' टाइप केलं. मेनू आला, दोन्ही सिस्टिम त्यात होत्या. उबुंटूत जाऊन ग्रब-इन्स्टॉल आणि अपडेट-ग्रब या आज्ञा चालवल्यावर दुरुस्ती कायमची झाली.

डिस्क गेली नसताना तसं वाटायला लावणारे प्रसंग आणखीही आहेत. ऑगस्ट २०२४मध्ये विंडोजच्या एका सुरक्षा अपडेटनंतर सिक्युअर बूट (फक्त परवानगी असलेल्या बूटलोडरलाच चालू देणारी सुरक्षा) चालू असलेल्या अनेक मशीनवर लिनक्स उघडेना. संदेश होता 'समथिंग हॅज गॉन सीरियसली राँग'. वाचून धडकी भरते, पण अडलेली होती फक्त जुन्या बूटलोडरची परवानगी. २०२१च्या ग्रब २.०६पासून दुसऱ्या सिस्टिम शोधणारा ओएस-प्रोबर मुळातच बंद ठेवलेला असतो, त्यामुळे लिनक्स अपडेट केल्यावर मेनूतून विंडोज नाहीसं होऊ शकतं. विंडोज डिस्कवर जागच्या जागी असतं, एक सेटिंग बदलून अपडेट-ग्रब चालवलं की परत दिसतं. बूटमध्ये फेरफार झाल्यावर विंडोजचं डिस्क कुलूपबंद ठेवणारं बिटलॉकर ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. ती आधीच आपल्याकडे लिहून ठेवा आणि दुरुस्तीला आलेल्या माणसाला देऊ नका. ती दिली म्हणजे सगळी डिस्क उघडून दिली.

मशीन दुसऱ्याच्या हाती देण्याआधी कुठल्याही चालू कॉम्प्युटरवर उबुंटूचा लाइव्ह पेनड्राइव्ह बनवा आणि 'ट्राय' हा पर्याय निवडून त्यावरून बंद पडलेलं मशीन सुरू करा. काहीही इन्स्टॉल होत नाही. तुमच्या फाईली तिथे दिसल्या तर आधी त्या बाहेर काढा, मग स्मार्ट वाचा. डिस्क गेली म्हणणाऱ्याकडे स्मार्टची नोंद मागा. डिस्क खरोखर खराब असेल आणि नोंद वाचता येत असेल, तर ती दाखवायला कुणी का कू करणार नाही. जुनी डिस्क परत हवी हे आधीच लेखी घ्या आणि अनुक्रमांकाचा फोटो काढून ठेवा. फक्त विंडोज जाणणारा माणूस बूटरेक या विंडोजच्या साधनाने एमबीआर, म्हणजे डिस्कच्या त्या पहिल्या सेक्टरमधला बूटचा कोड, नव्याने लिहितो, तेव्हा ग्रब जातो पण लिनक्सचा डेटा राहतो, तेवढं सावरता येतं. "फॉरमॅट करून टाकतो" म्हणाला की मात्र तिथेच थांबवा.

दोन्ही डिस्कच्या स्मार्ट नोंदी समोर ठेवल्यावर तो दुरुस्तीवाला म्हणाला, "तेव्हा चालत नव्हती." डिस्कचे पैसे परत केले, डेटा काढल्याचे केले नाहीत. माझा राग मात्र पैशांवर नाही. माझं उबुंटूचं पार्टिशन एन्क्रिप्ट केलेलं नव्हतं, म्हणजे सगळ्या मुलाखती त्याच्या मशीनवरून गेल्या, आणि त्यांची प्रत तिथे राहिली की नाही हे तपासायचा कोणताही मार्ग मला नाही. ब्राउझरमध्ये साठवलेले सगळे पासवर्ड मी बदलले, दूरच्या कॉम्प्युटरवर प्रवेश देणाऱ्या एसएसएचच्या किल्ल्या रद्द करून नव्या केल्या. ज्यांनी विश्वासाने माझ्याशी बोलून आपलं आयुष्य उलगडलं होतं, त्या प्रत्येकाला फोन करून हे सांगितलं. दोघांनी आपलं ध्वनिमुद्रण काढून टाकायला सांगितलं. मी ते काढलं.