आदिवासी मुलींच्या ‘संशोधन शिबिरा’त माझे ३१,८३० रुपये गेले

मी अंगणवाडी सेविका आहे. ओटीपी कुणाला द्यायचा नाही, हे गावातल्या बायांना मीच सांगते. म्हणून हे लिहायला दोन महिने लागले. लाज वाटत होती. आता लाजेपेक्षा राग जास्त आहे.

मुलगी तालुक्याला वसतिगृहात राहून विज्ञान शाखेत शिकते. अकरावीची परीक्षा संपली आणि व्हॉट्सअ‍ॅपवर जाहिरात आली. एका मोठ्या विद्यापीठात आदिवासी व ग्रामीण मुलींसाठी चार आठवड्यांचं संशोधन शिबिर, सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम, अनुसूचित जमातीसाठी १२ जागा राखीव.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. फॉर्म, फोनवर मुलाखत, दोन दिवसांत शिक्क्याचं निवडपत्र. माझा विश्वास बसला तो जातीच्या दाखल्यामुळे. त्यांनी दाखला मागितला, जात वैधता झाली का विचारलं, नसेल तर अर्जाची पावती चालेल म्हणाले. इतक्या बारकाईनं विचारणारा माणूस खोटा निघेल असं वाटलं नाही. आमच्या मुलींसाठी असं काही निघतच नाही, आणि निघालं तर ते सोडायचं कसं?

आधी नोंदणीचे १,१८० रुपये, त्यात १८ टक्के जीएसटी धरलेला. मग परत मिळणारी अनामत १४,५००. मग प्रयोगशाळेचा विमा ६,३५०. शेवटी वसतिगृहाचे ९,८००. माझ्या दोन महिन्यांच्या मानधनापेक्षा जास्त, आणि त्यातली अनामत बचत गटाकडून उचललेली.

अनामत भरताना पिन टाकायच्या आधी फोनवर नाव आलं. कुणाचं तरी ‘ट्रेडर्स’. मुलगी शेजारीच बसली होती. म्हणाली, “आई, विद्यापीठाचं नाव का नाही येत?” मी तिच्यावर खेकसले. “तुला जायचंय ना? मग गप बस.” तिनं विचारलं होतं. पोरीला दिसलं ते मला दिसलं नाही असं नाही, मलाही दिसलं, पण त्या माणसानं सकाळपासून तीनदा फोन करून “जागा दुसरीला देऊ का?” विचारलं होतं. नाव वाचा. पिन टाकण्याआधी ते नाव मोठ्यानं वाचा.

गाडीत बसायच्या आदल्या दिवशी फोन बंद झाला. विद्यापीठात विचारलं तर म्हणाले, असा कार्यक्रम आमच्याकडे नाहीच. तुमच्या नावानं शिक्का फिरतोय, निदान सूचना तरी लावा, म्हटलं. अजून लावलेली नाही.

मी रात्रभर रडत बसले आणि सकाळी ठाण्यात गेले. तुम्ही रात्रीच, त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता आले तर येतात. ठाण्यात म्हणाले, जिल्ह्याला सायबरकडे जा. जिल्ह्याला म्हणाले, बँकेचा उतारा आणा. बँक म्हणाली, आधी एफआयआर आणा. एफआयआर मागितला तर साहेब म्हणाले, “बाई, पैसे तुम्ही स्वतःच्या हातानं पाठवलेत.” हो, पाठवले! फसवल्याशिवाय कोण पाठवतं? चार खेपा झाल्या, चार दिवस अंगणवाडीतून सुट्टी. एका साहेबानं तर विचारलं, एवढ्या लांब मुलीला पाठवायचंच कशाला. त्या माणसाला काय उत्तर द्यावं मला कळलं नाही. तक्रारीवर आजही ‘प्रलंबित’ दिसतं.

खऱ्या योजना आहेत, मला नंतर कळल्या. इस्रोची युविका नववीच्या मुलांसाठी असते. ग्रामीण शाळेतल्या मुलांना निवडीत जादा गुण मिळतात आणि प्रवास, राहणं, जेवण इस्रो बघते. केंद्राची विज्ञान ज्योती नववी ते बारावीच्या मुलींसाठी, नवोदय विद्यालयांमार्फत चालते. अनामत, विमा असलं काही तिथे मागत नाहीत. जाहिरात आली की आधी शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना दाखवा. मी दाखवली नाही, गावात बोभाटा नको म्हणून.

आधार आणि दाखल्याची प्रत देताना तिच्यावर आडवी रेघ मारून कशासाठी दिली ते लिहा. माझ्या मुलीची कागदपत्रं अजून त्यांच्याकडेच आहेत, ही भीती पैशांपेक्षा मोठी आहे. यूटीआर नंबर, म्हणजे पैसे पाठवल्यावर त्या व्यवहाराचा येणारा क्रमांक, जपून ठेवा, तो नसेल तर कुणी ऐकूनच घेत नाही.

काल शेजारच्या पाड्यावरच्या सेविकेनं मला एक फोटो पाठवला. तोच शिक्का, तेच निवडपत्र, विषय फक्त बदललाय, आता ‘अंतराळ विज्ञान’. शेवटची तारीख येता शुक्रवार. तिच्या मुलीचे १,१८० भरून झालेत. अनामत भरू नकोस, हे सांगायला मी तिच्या घरी चालत गेले.