नौतपाच्या नऊ दिवसांतील वाळ्याचा कूलर

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील आमच्या जुन्या दगडी घरासाठी आम्ही मे २०२४ मध्ये एका स्थानिक कारागिराकडून पत्र्याचा डेझर्ट कूलर करून घेतला. त्याला तिन्ही बाजूंनी वाळ्याच्या ताट्या आहेत. तो घरी आल्याच्या चौथ्या दिवशी नौतपा लागला आणि २५ मे ते २ जून या नऊ दिवसांत तो रोज सुमारे १४ तास चालला. ज्या खोलीत तो बसवला आहे तेथे माझ्या ८४ वर्षांच्या सासूबाई राहतात, त्यामुळे तो चालतो की नाही हा आमच्यासाठी केवळ सोयीचा प्रश्न नव्हता. पुढे दिलेले आकडे घरातील साध्या तापमापकावर पाहून रोज वहीत टिपलेले आहेत.

महाराष्ट्रातील वाचकांसाठी थोडा खुलासा करते. सूर्य रोहिणी नक्षत्रात गेला की तिकडे शेतकरी पावसाची वाट पाहू लागतो. इकडे त्याच रोहिणीच्या पहिल्या नऊ दिवसांना नौतपा म्हणतात, आणि हे दिवस कडकडीत तापले तरच पुढचा पाऊस चांगला होतो, अशी लोकांची श्रद्धा आहे. ग्वाल्हेर वाळवंटात वसलेले नाही, परंतु राजस्थानच्या रेताड प्रदेशावरून पश्चिमेकडून येणारी लू, म्हणजे उन्हाळ्यातला कोरडा, तापलेला वारा, आमच्या अंगणापर्यंत पोहोचते. त्या आठवड्यात २५ मे रोजी राजस्थानातील फलोदीचे तापमान ५० अंशांवर आणि २८ मे रोजी चुरूचे ५०.५ अंशांवर गेले होते. याच फलोदीत १९ मे २०१६ रोजी देशातील ५१ अंशांचा उच्चांक नोंदला गेला होता. आमच्याकडे पारा त्याच्या चार-पाच अंश खाली राहिला, तरी मैदानी प्रदेशात ४५ अंश म्हणजे उष्णतेची लाट आणि ४७ अंश म्हणजे तीव्र लाट, हा हवामान खात्याचा निकष ध्यानात घेतला तर तो आठवडा कसा होता हे कळेल. त्यात आमच्या घराचे छत लाल दगडाच्या मोठ्या फरश्यांचे आहे. वाळवंटातली उघडी वाळू रात्री लवकर निवते. आमच्या छताचा दगड मात्र रात्री दोन वाजेपर्यंत दिवसाची धग खोलीत सोडत राहतो. अशा खोलीत नुसता पंखा लावणे व्यर्थ असते, कारण ४० अंशांच्या वरची हवा तो अंगावर आणून टाकतो. जागतिक आरोग्य संघटनेनेही ४० अंशांपलीकडे पंख्यावर भिस्त ठेवू नये असेच सांगितले आहे.

वातानुकूलन यंत्राचा विचार आम्ही केला होता. दीड टनाचे यंत्र सुमारे दीड हजार वॅट वीज घेते, आणि आमच्या गल्लीत संध्याकाळी विजेचा दाब इतका उतरतो की ते नीट चालेल याची खात्री नव्हती. शिवाय सासूबाईंना दारे-खिडक्या बंद केलेल्या खोलीत बसवत नाही. आम्ही घेतलेला कूलर जाड जस्ती पत्र्याचा असून त्याला १८ इंची पंखा, तांब्याच्या तारेची मोटर आणि सुमारे ९० लिटरची टाकी आहे. पंखा आणि पाण्याची मोटर मिळून तो २२० वॅटच्या आसपास वीज घेतो, म्हणजे १४ तासांना साधारण तीन युनिट. ताट्यांसह आम्ही ९,५०० रुपये मोजले. नेहमीच्या लाकडी गवताऐवजी, म्हणजे लाकडाच्या बारीक किसाऐवजी, वाळा मागितल्यामुळे किंमत वाढली, पण तो वाढीव खर्च मला सार्थ वाटला. गवत एका उन्हाळ्यात कुजून खाली बसते, तर वाळ्याची मुळे ओलाव्यात टिकतात आणि त्यांचा तो मातीसारखा, थंड वास खोलीभर पसरतो. बाजारात सगळे खसच म्हणतात. सासूबाईंनी मात्र पहिल्या दिवशी डोळे मिटूनच विचारले, “सूनबाई, वाळा भिजवलास का ग?” त्यांच्या माहेरी पश्चिमेच्या दारावर वाळ्याच्या ताट्या लावून त्यांवर झारीने पाणी शिंपडायला खास एक माणूस असे. आज ते काम टाकीतली छोटी मोटर करते, एवढाच काय तो फरक.

आता मुख्य प्रश्न, म्हणजे खोली किती थंड होते. २८ मे रोजी दुपारी तीन वाजता बाहेर सावलीत ४६ अंश होते, शेजारच्या बंद खोलीत ३९, कूलरच्या तोंडाशी २९ आणि सासूबाईंच्या पलंगाजवळ ३२. हा चमत्कार नसून पाण्याचा गुण आहे. एक लिटर पाण्याची वाफ होताना ते सुमारे २,४०० किलोजूल उष्णता शोषते, म्हणजे विजेच्या हिशेबात जवळजवळ दोन-तृतीयांश युनिट, आणि ही उष्णता आत येणाऱ्या हवेतूनच घेतली जाते. हवा जितकी कोरडी तितके पाणी अधिक उडते. ४५ अंशांच्या हवेत आर्द्रता १५ टक्के असेल, तर बाष्पीभवनाने ती हवा फार तर २४ अंशांपर्यंत उतरू शकते, आणि चांगला कूलर त्यातला साधारण तीन-चतुर्थांश उतार साधतो. ज्या कोरडेपणामुळे लू जीवघेणी ठरते, त्याच कोरडेपणावर हे यंत्र चालते. त्याच्या नावातला वाळवंटाचा उल्लेख त्यामुळे अगदी यथार्थ आहे. अमेरिकेत अ‍ॅरिझोनासारख्या कोरड्या प्रदेशात १९३० च्या दशकात असे कूलर घरोघरी लागले, तेही याच कारणाने.

मात्र हे आकडे आम्हाला पहिल्या दिवशी मिळाले नाहीत. पहिल्या दिवशी खोली ३५ अंशांवरच अडली, अंग चिकट झाले आणि सासूबाईंना धाप लागल्यासारखे वाटू लागले. चूक यंत्राची नव्हती. गारवा बाहेर जाऊ नये म्हणून आम्ही समोरची खिडकी आणि माजघराचे दार लावून घेतले होते. कूलर सतत बाहेरची हवा आत ढकलतो. तिला बाहेर पडायला वाट नसेल तर ओल खोलीतच साचते आणि थोड्या वेळाने घामही सुकेनासा होतो. समोरची खिडकी हातभर उघडताच अर्ध्या तासात खोलीत फरक पडला. कूलर घेणाऱ्या प्रत्येकाला मी हे सर्वांत आधी सांगेन, कारण आमच्या ओळखीतील अनेक घरांत तो बंद खोलीत चालवतात आणि मग दोष यंत्राला देतात. दुसरी गोष्ट अशी की पंखा लावण्यापूर्वी दहा मिनिटे केवळ पाण्याची मोटर चालवावी, म्हणजे ताट्या आतपर्यंत भिजतात. तिसरी, कूलरची पाठ पश्चिमेला असली तर वारा आपसूक मिळतो, परंतु ताट्यांवर दुपारचे ऊन पडू देऊ नये. आम्ही वरून गोणपाटाचे छप्पर बांधले.

आता तक्रार. तिसऱ्या दिवशी एका बाजूने येणारी हवा स्पष्टपणे गरम लागू लागली. जाळी उघडून पाहिले तर मधल्या ताटीवर वितभर रुंदीचा पट्टा पूर्ण कोरडा होता. वर पाणी वाटणारी जी पन्हळ असते तिची भोके एकसारखी पाडलेली नव्हती आणि काही भोकांत पत्र्याचा कीस तसाच राहिला होता. कोरड्या पट्ट्यातून लू जशीच्या तशी आत येते, आणि हवा नेहमी अशीच सोपी वाट पकडते, त्यामुळे वितभर चुकीने सगळ्या ताटीची मेहनत वाया जाते. त्याच वेळी दिसले की या ताटीत वाळा केवळ बाहेरच्या थरात होता आणि आत लाकडी गवत भरले होते. दुकानात फोन केला तेव्हा प्रथम “सगळे असेच भरतात” असे उत्तर मिळाले. पैसे निखालस वाळ्याचे घेतले होते, त्यामुळे हे उत्तर मला मान्य नव्हते आणि आजही नाही. यजमान स्वतः ताटी घेऊन गेले तेव्हा ती बदलून मिळाली, भोकेही नीट करून दिली. परंतु ऐन नौतपात ते दोन दिवस आम्हाला एका बाजूवर कापडाची ओली घडी टाकून काढावे लागले. घरात वृद्ध माणूस असताना दोन दिवस हा लहान काळ नसतो. म्हणून खरेदी करताना दुकानातच पाणी सोडायला लावावे, तिन्ही ताट्या वरपासून खालपर्यंत एकसारख्या काळ्या पडतात का ते पाहावे आणि एक ताटी उकलून आतला माल पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

पाण्याचा खर्च ही या यंत्राची खरी किंमत आहे, आणि ती विक्रेता सांगत नाही. ऐन दुपारी आमचा कूलर तासाला १८ ते २० लिटर पाणी पितो; रात्री तो खर्च निम्म्याहून कमी होतो. दिवसाचा हिशेब २०० लिटरच्या आसपास गेला. ग्वाल्हेर शहर मुख्यतः तिघरा धरणाच्या पाण्यावर जगते, आणि आमच्याकडे त्या आठवड्यात नळाला एक दिवसाआड पाणी येत होते. अशा वेळी २०० लिटर पाणी हवेत उडवताना मनाला लागते. आम्ही धुण्याचे शेवटचे खळबळलेले पाणी वापरून पाहिले, पण साबणाचा अंश राहिला तर फेस येतो आणि वाळ्याचा वास बिघडतो, म्हणून तो प्रयोग सोडला. भाज्या आणि तांदूळ धुतलेले पाणीही वापरू नये, ते आंबते. शेवटी सासूबाईंच्या खोलीखेरीज दुसरा कूलर लावायचा नाही असे ठरवले आणि दुपारी सगळे घर त्याच एका खोलीत येऊन बसू लागले. मुलांचा अभ्यास, माझे शिवण, सगळे तेथेच झाले.

पाणी उडते, पण त्यातले क्षार उडत नाहीत. आठ दिवसांत टाकीच्या काठावर आणि ताट्यांच्या खालच्या टोकांवर पांढरा थर दिसू लागला. टाकीत केवळ वरून पाणी भरत राहिलो तर हे क्षार वाढतच जातात, म्हणून आम्ही दर तीन दिवसांनी टाकी पूर्ण रिकामी करून पाणी झाडांना घातले. आठवड्यातून एकदा ती घासून, पुसून, कोरडी करणे मात्र अनिवार्य आहे. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, अंड्यापासून डास होण्यास त्याला आठवडा-दहा दिवस पुरतात, आणि त्याची अंडी टाकीच्या भिंतीला चिकटून राहत असल्याने केवळ पाणी ओतून दिल्याने ती जात नाहीत. आमच्या कूलरला तळाशी निचऱ्याचे भोक आहे, परंतु ते तळापासून बोटभर वर पाडले आहे, त्यामुळे उरलेले पाणी फडक्याने टिपावे लागते. कारागिराने ही साधी गोष्ट पाहायला हवी होती.

विजेबाबत मी अधिक कठोर आहे. पत्र्याचे अंग, पाण्याने भरलेली टाकी आणि ओल्या हाताने बटण लावणारी माणसे, अशी या यंत्राची स्थिती असते, आणि उत्तरेत दर उन्हाळ्यात कूलरचा धक्का बसून माणसे दगावल्याच्या बातम्या येतात. आमच्याकडे तो दोन पिनांच्या प्लगसह आला होता. आम्ही तो चालू करण्याआधी वीजतंत्री बोलावून तीन पिनांचा प्लग बसवला, अर्थिंगची तार थेट पत्र्याला जोडून घेतली आणि मीटरजवळ गळतीचा प्रवाह तोडणारा स्विच लावला. यासाठी वेगळे १,८०० रुपये लागले. टाकी भरताना प्लग काढायचाच, हा नियम घरात लहानांनाही पाठ करवला आहे.

आवाज मोठा आहे. मोठ्या गतीवर शेजारी बसलेल्याशी मान वळवून बोलावे लागते, आणि सासूबाईंना आधीच कमी ऐकू येत असल्याने दुपारच्या गप्पा बंद पडल्या. रात्री मधल्या गतीवर तो सुसह्य होतो. ३० मे च्या पहाटे पलंगाजवळ २७ अंश होते आणि त्या रात्री त्या पहिल्यांदा सलग सहा तास झोपल्या. सकाळी त्यांनी पांघरूण मागितले. त्या दिवसांत मला झालेला हा सर्वांत मोठा आनंद होता.

कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्यांनी हे वाचून असा कूलर मागवू नये. ३५ अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असलेली हवा कितीही भिजवली तरी ३० अंशांच्या खाली उतरत नाही, आणि जी ओल वाढते ती वेगळीच. आमच्याकडेही पावसाला सुरुवात झाली की हा कूलर निरुपयोगी होतो. जुलैच्या पहिल्या आठवड्यात आम्ही पाणी काढून टाकले, तासभर नुसता पंखा चालवून ताट्या सुकवल्या, मग त्या सोडवून सावलीत दोन दिवस ठेवल्या आणि जुन्या धोतरात गुंडाळून माळ्यावर ठेवल्या. बदलून मिळालेल्या ताटीचा वास इतर दोघींपेक्षा अजूनही गडद आहे.