विकताना ‘काळ’, भांडताना ‘आवड’ : जुन्या वस्तऱ्यात मी कसा गंडलो

हे लिहायला मला सहा महिने लागले, आधी राग होता आणि राग गेल्यावर लाज वाटत होती. घरात आठ-दहा जुने वस्तरे आहेत, त्यातले चार मी स्वतः साफ केलेत, म्हणजे अगदीच नवखा नाही मी, तरी गंडलो. आणि तेही माझ्याच तोंडाने.

झालं असं की जुने वस्तरे रिस्टोअर करून विकणाऱ्या एकाशी ओळख झाली. माणूस बोलायला गोड, कामाचे फोटो एक नंबर. पहिल्याच बोलण्यात त्याने विचारलं, तुम्हाला कसला आवडतो? मी काय, सुटलोच. म्हणलं पातं पातळ पाहिजे, दाढीवरून फिरताना किणकिण वाजणारं, आरशासारखं पॉलिश, मूठ हस्तिदंती, आणि पात्यावर जरा सोनेरी काम असलं तर सोन्याहून पिवळं. वर हेही सांगितलं की शेफिल्डचा पाहिजे (इंग्लंडमधलं पात्यांसाठी नावाजलेलं शहर) आणि शक्यतो तिकडे चौथा विल्यम राजा होता तेव्हाचा, म्हणजे १८३० ते १८३७ मधला. त्या सात वर्षांचं मला वेड आहे, का ते विचारू नका. तीन आठवड्यांनी मेसेज आला, नशीब बघा तुमचं, अगदी तसाच हाती लागलाय.

तिथेच डोकं चालायला पाहिजे होतं. दोनशे वर्षांपूर्वी कुणी माझी यादी समोर ठेवून वस्तरा घडवत बसलं नव्हतं.

फोटोत पात्यावर मुकुट आणि खाली डब्ल्यू.आर. अशी सोनेरी अक्षरं, म्हणजे विल्यम रेक्स, रेक्स म्हणजे लॅटिनमध्ये राजा. मूठ पिवळसर पांढरी, बारीक रेघांची. मूठ ओरिजिनल, सोनं ओरिजिनल, पॉलिश त्याच काळच्या पद्धतीचं, काही बदललेलं नाही, असं त्याने लिहून दिलं. मी रिस्टोअर करायच्या आधीचे फोटो मागितले तर म्हणे फोन बदलला, गेले. मी बरं म्हणलं आणि सगळे पैसे आधीच पाठवले. हो, सगळे.

दोन आठवडे मी हवेत होतो. मग धार टिकेना. दगडावर लावली, चामड्यावर फिरवली, दोन दाढ्यांत परत बोथट. तिसऱ्यांदा तसंच झालं तेव्हा धार लावण्यात माझ्यापेक्षा कितीतरी पुढे असलेल्या मित्राला दिला. त्याने दगडाला हातच लावला नाही, दहापट भिंग काढलं आणि टॉर्च तिरका धरून अर्धा तास नुसता बघत बसला. मग म्हणाला, हा कुठल्या सालचा म्हणून घेतलास?

पहिली गोष्ट पात्याची घडण. १८३० च्या आसपासचं शेफिल्डचं पातं जाड असतं, आडवा छेद घेतला तर जवळपास पाचरीसारखा, म्हणून त्याला वेज म्हणतात. दोन्ही बाजूंनी खोल पोखरून कागदासारखं केलेलं, वाजणारं पातं, म्हणजे फुल हॉलो, हे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडचं काम. मला हे माहीत होतं! विकणाऱ्याला विचारलंही होतं, तर तो म्हणाला त्या काळी श्रीमंत लोक खास ऑर्डर देऊन करून घ्यायचे. मला पातळ पातं आवडतं म्हणून मला ते पटलं, दुसरं काही कारण नाही.

मग टँग, म्हणजे पात्यामागचा दांडा. त्यावर कारखान्याचं नाव होतं पण अक्षरं भिजलेल्या साबणावरच्या अक्षरांसारखी, कडा सगळ्या गोल, म्हणजे बफिंगच्या, पॉलिश करायच्या फिरत्या चाकावर भरपूर घासलेली. आणि नावाखाली, उजेड एका विशिष्ट कोनात धरला की, शेवटची चार-पाच अक्षरं दिसत होती. इंग्लंड. अमेरिकेत १८९० साली आयातीचा कायदा झाला, बाहेरून येणाऱ्या मालावर देशाचं नाव पाहिजे असा, आणि १८९१ पासून तो लागू झाला, त्यामुळे टँगवर नुसतं शेफिल्ड न लिहिता इंग्लंडही लिहिलं असेल तर तो वस्तरा साधारण त्यानंतरचा धरायचा. (उलटं मात्र खरं नाही हां, इंग्लंड नाही म्हणजे जुना असं होत नाही, माल अमेरिकेला जाणारच नसेल तर कशाला मारतील.) म्हणजे विल्यम राजा जाऊन निदान पन्नास वर्षं झाल्यावर हे पातं बनलेलं. विकणाऱ्याने तो शिक्का पुसायचा प्रयत्न केला होता, पुरता पुसला गेला नाही इतकंच.

सोन्याचा विषय तर डोक्याला हात लावण्यासारखा आहे. जुन्या पात्यावरचा सोन्याचा मुलामा इतका पातळ असतो की जोरात कापड फिरवलं तरी उडतो. टँगवर खोल ठोकलेला शिक्का पुसट होईपर्यंत ज्या पात्याला बफिंग झालं त्यावर सोनं राहीलच कसं? भिंगाखाली डब्ल्यू.आर.च्या कडा कोऱ्या करकरीत, आत लेझरच्या एकसारख्या रेघा, वर सोनेरी रंग. शिक्का म्हातारा आणि अक्षरं तान्ही, एकाच पात्यावर.

मूठ हस्तिदंताची नव्हतीच. अंगठ्याने जोरात घासून गरम केली तर कापराचा वास आला, म्हणजे सेल्युलॉइड, एक जुनं प्लास्टिक, जे १८७० च्या आसपास बाजारात आलं. रेघाही कंगवा ओढल्यासारख्या समांतर, खऱ्या हस्तिदंतात आडव्या कापावर एकमेकांना छेदणाऱ्या दिसतात. (गरम सुई टोचून बघायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, सेल्युलॉइड भस्सकन पेटतं.) पिना कोऱ्या पितळी, खाली एकावर एक दोन वॉशर, ही आजकालच्या रिस्टोअर करणाऱ्यांची हौस. थोडक्यात मूठ दुसऱ्याच कुठल्यातरी वस्तऱ्याची. आणि ती सडायला लागली होती. सेल्युलॉइड कुजायला लागलं की त्यातून आम्लाच्या वाफा निघतात, वस्तरा मिटून ठेवला की पात्याचा जेवढा भाग मुठीत जातो तेवढ्याच भागावर गंज चढतो. मी तो ऐटीत बंद डबीत ठेवलेला, म्हणजे वाफांची सोयच केली.

धार न टिकण्याचं कारण शेवटी कळलं. असलं पोलाद कडक करून मग ठिसूळपणा जावा म्हणून साधारण २०० अंश सेल्सिअसवर परत तापवलेलं असतं, ३०० च्या आसपास ते निळं पडतं आणि मऊ होतं. फुल हॉलो पातं चाकावर काही सेकंदांत तापतं. निळेपणा विकणाऱ्याने पॉलिश करून काढला होता, एक फिकट डाग टोकाजवळ राहिलेला, पण रंग काढला म्हणून कडकपणा थोडाच परत येतो.

मी विकणाऱ्याला सगळं लिहून पाठवलं, फोटोंसकट. उत्तर काय आलं? रिस्टोरेशन ही पर्सनल टेस्टची गोष्ट आहे साहेब, तुम्ही सांगितलं तसंच केलंय, ओरिजिनलवाल्यांना गंजलेलंच आवडतं. विकताना प्रत्येक वाक्यात काळ होता, भांडताना एकदम आवड आली. मी परत लिहिलं, तर ब्लॉक.

आता त्याच्या त्या वाक्यावर मी खूप विचार केला, कारण अर्धं खरं आहे. मी स्वतः एका मूठ तुटलेल्या वस्तऱ्याला निळी ॲक्रिलिकची मूठ बसवलीय आणि मला ती जाम आवडते. जुनं म्हणजे मळकटच असंही नाही, शेफिल्डचे कारागीर लोखंडाच्या लाल भुकटीने, क्रोकसने, पात्यावर झकास झळाळी आणायचे. तुम्हाला आरसा पाहिजे, आरसा करा. पण मग आरसा म्हणून विका, राजाचं नाव कशाला टाकता? निळी मूठ कुणाला फसवत नाही, सेल्युलॉइडचा हस्तिदंत फसवतो. आणि खरंच हस्तिदंत असता तर आणखी वेगळं लचांड, त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार १९९० पासून बंद आहे, तेव्हा असं कुणी बिनधास्त विकत असेल तर एक तर ते खोटं असतं नाहीतर भानगडीचं.

आता मी काही घ्यायचं म्हणलं की टँगच्या दोन्ही बाजूंचे तिरक्या उजेडातले फोटो मागतो, पिनांचा जवळून फोटो, आणि रिस्टोअर करायच्या आधीचा. आधीचा फोटो नाही तर सौदा नाही, फोन बदलो नाहीतर जळो. आणि मला काय आवडतं ते आधी सांगत नाही. त्याच्याकडे काय आहे ते विचारतो आणि गप्प बसतो.

पैसे गेले ते गेलेच. ती मूठ मी काढून वेगळी ठेवलीय, उघड्यावर, बाकीच्या वस्तऱ्यांपासून लांब. पात्याला साधी काळी शिंगाची मूठ बसवली, दाढीला उपयोग नाही पण हातात घ्यायला बरं वाटतं. डबीत खाली एक चिठ्ठी चिकटवलीय : पातं १८९१ नंतरचं, डब्ल्यू.आर. खोटं, मूठ मी बसवलेली, धार टिकत नाही.